दवाच्या बाटल्या

काय म्हणता सर? जुळलं? आमच्या साधनाचं गणित जुळलं? — बसा, ती खुर्ची डुगडुगती, खाटेवर बसा — म्हंजे पुण्यात तुमच्या पोरांनी तिचा तोच जुना प्रोग्राम चालवला, दव दुसरीकडचं घेतलं, आन् आकडा बरोबर आला? अगदी बरोबर? — बरं.

तुम्ही तिचे गुरू, तुम्हाला मी काय सांगणार — पण मला समजवायची ना ती, ह्याच ओट्यावर. नाना, म्हणायची, हवेत धुराचा वायू असतो, तो थेंबात मुरतो आन् थेंब आंबट होतो, किती वेळात किती मुरतो ते मी कॉम्प्युटरमध्ये थेंब करून बघते. मी हसायचो — भिजत नाय का गं कॉम्प्युटर आतून? मग ताळा करायला खरं दव पाहिजे, म्हणून अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत इथं दिंडोरीला आली, द्राक्षबागेत प्लास्टिकचे कागद ताणले. उजाडायच्या आत दव बाटलीत निपटायचं, खुणेपर्यंत, एकवीस दिवस. आन् कागद ताणले त्याच रात्री माझी पोरगी तापानं फणफणली. म्हणाली, नाना, खाडा नको पडायला. म्हटलं, मी हाये ना.

आता वारा सुटला की दव पडत नाय, हे काय शेतकऱ्याला शिकवावं लागतं? पहिले तीन दिवस नुसता वारा — कागद कोरडा ठक्क, बाटलीत बुडापुरतंसुद्धा नाय — आन् ती गोधडीतून विचारायची, भरली का हो नाना? तिचं ते तोंड बघून कोण नाय म्हणेल, सर? तुम्ही म्हणाला असता? — लोक दुधात घालतात, मी दवात घातलं. बोअरचं पाणी. तीनच दिवस — नाय, खोटं कशाला बोलू, एकवीस. सगळे एकवीस. ती बरी झाली तरी म्हणायचो, झोप तू, थंडी लय हाये. भीती वाटायची ना — आधीच्या बाटल्या गच्च आन् आताच्या अर्ध्या कशा, असं विचारलं तर?

आमचं बोअर खारं, आंबटपणा मारून टाकतं. कॉम्प्युटर म्हणायचा थेंब आंबट, बाटली म्हणायची नाय. दीड वर्ष पोरगी स्वतःचीच चूक शोधत बसली, ताटावर लक्ष नाय, झोप नाय. तुम्हीसुद्धा बोलला होतात तिला चारचौघांत — नाय, तुमचा दोष नाय. मग वह्या गाठोड्यात बांधून इथंच टाकल्या तिनं. म्हणाली, नाना, हे माझ्या डोक्याचं कामच नव्हतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं ना मी! मी म्हटलं, असू दे. आता सहा वर्षं झाली. सायखेड्याला सासरी असती, तिथल्या शाळेनं गणित शिकवायला बोलावलं तर गेली नाय. माझं गणित चुकतं, म्हणे.

मी सांगू? मीच? — हां. खरंय तुमचं. लावतो, आत्ता लावतो, थांबा.

हॅलो — साधना? मी बोलतो. नाय, तब्येत बरीये. अगं, तुझे सर आलेत पुण्याचे... ते त्या दवाचं — मी काय म्हणतो, त्या बाटल्या — नाय गं, नाय, तुझी चूक काढायला नाय आलेत. घाबरती कशाला? वह्या न्यायला आलेत नुसत्या. देऊन टाकू? बरं. ठेवतो.

घ्या सर, वह्या घ्या. आन् असं बघू नका माझ्याकडं. शेवटची एस.टी. निघंल, जा तुम्ही.