आष्टीले कोणी गेलं नाई

माह्यं गाव समुद्रपूरच्या अलीकडं. फाट्यावर एसटी थांबते, तिथून आत आलं की पहिलं घर आमचंच, आधी कवेलूचं होतं, आता स्लॅब पडला. मले सगळे बंडू म्हणते, शाळेतलं नाव वेगळं आहे पण ते कोणाले ठाऊक नाई. जिनिंगमध्ये काट्यावर आहे मी, म्हणजे कापसाची गाडी आली की भरलेली एकदा तोलाची अन् रिकामी एकदा तोलाची, हे माह्यं काम, अन् कापूस संपला, जिनिंग बंद झाली की उन्हाळाभर मी रिकामा. पण तुमाले जे ऐकाचं आहे ते जिनिंगपासून सुरू होत नाई, ते माह्या आज्यापासून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगतो.

आज्याच्या वाट्याले गावाचं काम होतं. गावात मयत झालं, मंग ते मालगुजाराच्या घरी होवो का पाटलाच्या, की आज्यानं काठी घ्याची अन् गावोगावच्या सोयऱ्यायले सांगाले पायी निघाचं, ऊन असो का चिखल असो. अन् तिथं पोहोचल्यावर अंगणाच्या बाहेरूनच ओरडून सांगाचं, आत पाय ठेवाची सोय नोहती, भाकर देली तं तीही वरून टाकलेली. मंग आमच्या लोकायनं दीक्षा घेतली. आजा नागपूरवरून आला अन् आल्या आल्या ती काठी तोडून चुलीत घातली. बाबा तवा लहान होते, ते सांगत की त्या काठीच्या जाळावर त्या दिवशी चहा झाला, अन् तेवढा गोड चहा आपण जन्मात पेलो नाई.

पण आपल्याच घरी कोणी गेलं तं? तं आपल्या माणसाले आपणच सांगाले जाचं, पण ते मनानं, अन् आत जाऊन. हे बाबायनं मले शिकवलं होतं. म्हणे रस्त्यावरून ओरडाचं नाई. गाडी लावाची, चप्पल काढाची, आत जाऊन बसाचं, समोरच्याले आधी बसवाचं, मंग सांगाचं. अन् सांगून मोकळं व्हाचं नाई, त्याले संगं घेऊनच याचं. घरोघरी फोन आले तरी बाबा मयताचा फोन करू देत नोहते, म्हणे फोनवर सांगितलं तं रडणाऱ्याच्या पाठीवर हात कोण ठेवन.

माह्याजवळ आधी सायकल होती अन् मंग फटफटी, म्हणून हे काम माह्यावर आलं. आजी गेली तवा आष्टीले मीच गेलतो. तिकडं माह्यी आत्या देली आहे, बाबायची एकुलती बहीण, आष्टीच्या जवळच घर आहे तिचं, संत्र्याच्या बागा आहे तिकडं. आम्ही जिल्ह्याच्या या टोकाले अन् ते त्या टोकाले. मी गेलो, चप्पल काढली, बसलो, अन् काही बोलाच्या आधीच आत्या म्हणे, माय गेली का रे बंडू? मंग तिले मागं बसवली अन् आर्वी, वर्धा, हिंगणघाट करत आणली, ते माह्या पाठीवर डोकं ठेवून रडून राह्यली होती, माह्या शर्टाची पाठ पूर्ण ओली. दारात बाबा उभे होते. आत्या उतरली अन् भावाच्या गळ्यात पडली. मले ते अजून दिसते.

पण काय सांगू तुमाले, असं काम कोणाले आवडन? माह्यी गाडी ज्याच्या दारात थांबली त्याचं तोंड उतरे. लग्नात सोयरे थट्टा करत, बंडूले पंगतीत दूर बसवा बाप्पा, हा जवळ आला की घास खाली उतरत नाई. मी हासो, पण मनात लागे. मले वाटे यातून सुटलो पाह्यजे कसंतरी.

तं त्या उन्हाळ्यात माह्या पोरीनं मोबाइलवर पाह्यलं, वर्ध्याच्या नालवाडीले मोबाइलचे ॲप बनवाले शिकवून राह्यले, फुकट आहे, वयाची अट नाई, काहीच येत नसन तरी चालते. मले म्हणे, बाबा, घरी बसून आईसंग भांडता त्यापरीस जा. तिनंच नाव टाकलं. मी एसटीनं जाऊ लागलो. हॉलमध्ये सगळे विशीतले पोट्टे अन् पोट्ट्या, मी एकटाच असा, टक्कल पडलेला. एक जण मले पाहून उभा राह्यला, त्याले वाटलं सरच आले.

शिकवाले मॅडम होत्या. मले वाटलं होतं पहिल्याच दिवशी कम्प्युटर समोर ठेवन, तं त्यायनं कागद अन् पेन्सिल देली. म्हणे, पडद्यावर काय दिसलं पाह्यजे ते आधी कागदावर काढा, अन् त्याच्या आधी हे सांगा की तुमचं ॲप वापरणार कोण. अन् त्या माणसाले जाऊन भेटा, त्याच्या घरी जा, त्याच्या हातात कागद द्या अन् तो कुठं अडकते ते पाहा. हे त्या रोज सांगत. वैष्णवी नावाची एक पोरगी होती, तिनं आपल्या आजीसाठी एसटीच्या टायमाचं ॲप काढलं अन् कागद घेऊन आजीजवळ गेली, तं आजी म्हणे, मले वाचता कुठं येते व माय. मंग त्या पोरीनं सगळं पुसलं अन् बोलणारं ॲप बनवलं. आम्ही सगळे हासलो होतो तिले. मी पण हासलो होतो.

मी काय बनवलं ते तुमच्या ध्यानात आलंच असन. मयताची खबर देणारं. नाव ठेवलं सांगावा. घरात कोणी गेलं की एकानं बटन दाबाचं, सगळ्या सोयऱ्यायच्या फोनवर एकाच वेळी खबर जाते, कोण गेलं, कुठं, माती किती वाजता. अन् ज्याच्या फोनवर खबर पोहोचली त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका येते. पोट्टे म्हणे, काका, तुमचं ॲप मोबाइलमध्ये टाकलं तं सासू विचारन, जावईबापू, कोणाची वाट पाहून राह्यले? लय हासले. पण शेवटच्या दिवशी सगळ्यायसमोर उभं राहून मी आज्याच्या काठीची गोष्ट सांगितली, अन् म्हटलं की माह्या आज्याले पायी जा लागे, आता कोणालेच जा लागणार नाई, तं आख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. मले वाटलं मी आज्याचं ऋण फेडलं. आता वाटते, आज्यावर लादलेलं काम वेगळं होतं अन् बाबायनं मले शिकवलेलं वेगळं, मी दोन्ही एकाच चुलीत घातलं.

मॅडमनं विचारलं होतं, काका, कोणाले भेटून आले? मी म्हटलं, हो, भेटलो नातेवाईकायले. खोटं बोललो. एसटीत बसल्या बसल्या मनानंच सगळ्यायचे जबाब लिहिले होते मी, आत्याचाही लिहिला होता, की उपयोगी आहे. आष्टीले एक चक्कर मारली असती तं काय बिघडलं असतं? मी रिकामाच तं होतो.

घरी आल्यावर बाबायले दाखवलं. त्यायचा दमा वाढला होता, खाटेवरच राहत. फोन हातात घेतला, उलटापालटा केला, म्हणे, चांगलं केलं बाप्पा. अन् जराशानं म्हणे, पण तुह्या आत्याले घेऊन कोण येईन? मी म्हटलं, ते येईनच ना बाबा, तिच्या नातवाच्या, सुमेधच्या फोनमध्ये टाकलं आहे मी. बाबायनं कूस बदलली.

पाऊस संपला अन् त्या आश्विनातल्या उन्हात बाबा गेले. सकाळीच गेले, चहा मागितला अन् चहा येईपर्यंत गेले. मी बटन दाबलं. काय सांगू, तोंडातून निघत नाई पण सांगतो, तुमी लिहाच हे. बाप घरात निजवला होता अन् माह्यं ध्यान फोनवर. एकेक ठिपका हिरवा होये अन् मले आतून बरं वाटे. हिंगणघाटचे आले, गिरडचे आले, म्हणे बंडूनं काय बनवलं, भाजी निवडता निवडता खबर भेटली. बाप मेला त्या दिवशी मी माह्यं कौतुक ऐकून राह्यलो होतो.

माह्या काकाचा पोरगा देवानंद, तो गाडीची चाबी हातात घेऊनच आला. म्हणे, दादा, मी आष्टीले निघतो, आत्याले घेऊन येतो. मी म्हटलं, कायले जातं येवढ्या उन्हात, हे पाह्य, सुमेधचं हिरवं झालं, ते निघालेही असन. तो म्हणे, तरी जातो. मी त्याच्यावर ओरडलो, म्हटलं, तुले समजत नाई का रे? चाबी हातातून घेतली अन् त्याले बाकीच्या तयारीले लावलं.

दुपार झाली, आत्या आली नाई. बाया म्हणे, बहीण आल्याबिगर उचलू नोका. मंग फोन केला. रिंग गेली, कोणी उचलला नाई. मी म्हटलं, गाडीवर असन, कसा उचलन? पुन्हा केला, पुन्हा तसंच. मी म्हटलं, बघा, रस्त्यातच आहे. असा मी सगळ्यायले समजावून राह्यलो होतो, अन् ऊन असं होतं की थांबता येईना. सूर्य कलला तवा उचललं. बहिणीबिगर उचललं.

आत्या दुसऱ्या दिवशी आली, सुमेधसंग. आली तं अंगणात थांबली, बाबायची खाट उभी करून ठेवली होती तिच्याकडं पाह्यलं. मी पायावर पडलो. म्हटलं, आत्या, मी खबर पाठवली होती व. तं ते म्हणे, हो, वाजलं होतं ते.

सुमेध बागेत गेलता अन् फोन फळीवर चार्जिंगले लावून गेलता. आत्या त्या फळीखालीच बसून तूर पाखडून राह्यली होती. फोन टिंग वाजला. म्हणे, ते तं दिवसभरच वाजते, कधी कंपनीचं, कधी गाण्याचं. दुपारी रिंग आली, पण मागं एकदा म्या हात लावला होता तं काहीतरी बिघडलं अन् पोट्टा रागावला होता, म्हणून म्या हात नाई लावला. संध्याकाळी सुमेध आला, त्यानं वाचून दाखवलं.

मंग ते बसली. मले जवळ बसवलं. म्हणे, बंडू, तो बिमार हाय हे मले ठाऊक होतं. म्या रोज रस्त्याकडं पाहो. मनात म्हणो, बंडूची गाडी आली नाई ना, म्हणजे माहा भाऊ जिता हाय. त्या दिवशीही म्या तेच म्हटलं. अन् पोटभर जेवली रे मी. वरण-भात केलता, दोनदा घेतला.

शिवी देली असती तं बरं झालं असतं. देवानंद भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मॅडमचा मांगं फोन आला होता, नवीन बॅच सुरू होऊन राह्यली, काका, दोन शब्द बोलाले या. मी गेलो. जे तुमाले सांगून राह्यलो तेच सांगितलं, खोटे जबाब लिहिले तेही सांगितलं. मॅडम मले फाटकापर्यंत सोडाले आल्या. ॲप अजून आहे, गावातले वापरते, गिरडवाल्यायले आवडते. ते वाईट आहे असं मी म्हणत नाई. मी माह्या फोनमधून काढलं.

आता मी आष्टीले जात राहतो. काही काम नसते, असाच जातो. आत्या थकली, डोळ्यानं कमी दिसते, पण माह्या गाडीचा आवाज तिले लांबून समजते. पहिल्यांदा गेलो तवा ते ओट्यावर दोन्ही हात छातीवर धरून उभी होती, ओठ पांढरे, म्हणे, आता कोण रे? तवापासून मी तिच्या घराच्या वळणावर येतो, गाडी बंद करतो अन् तिथूनच जोरानं ओरडतो, आत्या, कोणी गेलं नाई व, मी असाच आलो. गल्लीतले पोट्टे हासते, माह्या मांगं मांगं तेच ओरडते. बाबायनं सांगितलं होतं, रस्त्यावरून ओरडाचं नाई. पण काय करू?

मंग मी गाडी ढकलत दारापर्यंत नेतो, चप्पल काढतो, आत जाऊन बसतो. आत्या पाणी देते, अन् जवळ बसून माह्या पाठीवर हात फिरवते. निघताना दारात येते अन् म्हणते, असाच येत जाजो बंडू. मी गेल्यावर मात्र माह्या माणसायले सांगाले तूच जाजो. आत जाऊन सांगजो.