गवताला नायटा

—आणि नाक काय दाबतोस, सहादेव? मला वास येत नाही का? आंबलेलं ताक, त्यात गोमूत्र, त्यात वाटलेला टाकळ्याचा पाला — शी! सकाळचा चहा उतरला नाही माझ्या घशाखाली. पण दुसरं काही मारायचं नाही. साहेब कारखान्याचे शेतकी अधिकारी, कपाटात पावडरीचे डबेच्या डबे — पण कापलेलं गवत आमची कपिला खाते, अन् तिचं दूध आम्ही पितो. म्हणून हे असलं. ओत झारीत. सगळीकडं नको रे शिंपडूस, डागावर सोड — हे बघ, गोल गोल, कडेला तांबूस, मधे जळल्यासारखं. नायटाच. गवताला नायटा झालाय. हसतोस काय? तुमच्या पारनेरला लॉनच नसेल, तर नायटा कुठला दिसायला!

माणसाचाच आलाय तो. तुझ्या आधीचा माळी, भिमाजी — मनगटावर रुपयाएवढा चट्टा, करकरा खाजवायचा अन् तेच हात गवतात. लई किळस यायची. त्याच्या हातची फुलं देवाला वाहिली नाहीत मी. शेवटी काढला. "बाई, पोरं हायेत वो," म्हणाला — मी काय करू? रविवारी शेवगावचे पाहुणे येणार, माझ्या विमलला बघायला. इथंच खुर्च्या टाकायच्या. हे असलं खवल्याखवल्याचं दाखवू त्यांना?

लावलं की वाळू द्यायचं, मग परत लावायचं. आधी आग होते, रडते, पण आपण हात धरून ठेवायचे — कोण म्हणजे? गवत. गवत कुठं रडतं व्हय — आपलं बोलण्याची पद्धत. तिकडं खिडकीकडं काय बघतोस? विमलनं उकाड्यात गळ्याभोवती पदर घेतला तर घेतला. पोरींना असते हौस.

काय? तुझ्या बहिणीलाही होता? दवाखान्यातल्या मलमानं गेला? — अरे, दवाखान्यात नेऊ कशी? कॉलनीतल्या अर्ध्या बायका तिथं बाकावर बसलेल्या. रविवारच्या आत शेवगावला बातमी! — कुणापासून लागला काय विचारतोस, भिमाजीपासूनच की! तो झारी ठेवायचा, तीच घेऊन विमल तुळशीला पाणी घालायची. मीच बघितला पहिल्यांदा — दिवाळीत, तेल लावताना, मानेवर, वाटाण्याएवढा — भिमाजी ना? तो कामाला लागला संक्रांतीला. आल्या दिवशी मीच तिळगूळ दिला. दोन्ही हात पुढं केले होते त्यानं, चांगले स्वच्छ —

झारी ठेव खाली.

ठेव म्हणते ना. राहू दे अर्धं तसंच. नको तेवढं विचारतोस तू. उद्यापासून येऊ नकोस — अन् जाताना फाटक ओढून घे.