जोडातलं नख

भाची : मोजते, मामा, ऐक. काचेचे तंतू आठ, केसासारखे बारीक, आठही धड. तांब्याची नळी एक, हिरवी पडलेली. वर प्लॅस्टिकचं जाड कवच, त्याला सुईएवढं भोक एक. आणि भोकाच्या तळाशी हे. चिमट्यात धरलंय, बघ.

मामा : शिंपल्याचा तुकडा असेल. केबल समुद्रातून वर काढलीय, कपाटातून नाही.

भाची : नख आहे. माणसाचं. कडेला दातांचे व्रण दिसतायत. शी!

मामा : फेक ते आणि हात धू.

भाची : मी हातमोजे घातलेत. तुझे कुठायत? आणि आत्तासुद्धा अंगठा तोंडातच!

मामा : सवय गं. तुझ्या आजीनं कडू औषध लावून पाहिलं बोटांना. मला त्याचीच चटक लागली.

भाची : हसू नकोस. केबलचा हा जोड तूच केला होतास. कवच चढवताना हे गरम प्लॅस्टिकमध्ये पडलं, भाजून पिवळं झालं. त्याच्या कडेकडेनं खारं पाणी तांब्यापर्यंत पोचलं.

मामा : पण निरोप तंतूतून जातात, प्रकाशातून. तंतू धड आहेत, तूच म्हणालीस.

भाची : मला उल्लू बनवू नकोस, तूच शिकवलंयस. लांबवर जाता जाता प्रकाश दमतो. त्याला वाटेत रेटा देणारी यंत्रं या तांब्यातल्या विजेवर चालतात. वीज समुद्रात गळाली, यंत्रं विझली, दोन खंडांचं बोलणं बंद. जोडाचा एक्स-रे काढला होतास ना? डाग दिसला नाही?

मामा : दिसला. म्हटलं, फिल्म खराब असेल. जेवण गार होत होतं.

भाची : जेवण!

मामा : झालं ते झालं. केबलला बोटीचा नांगर लागला असं कप्तानाला सांगितलंय, तेच राहू दे.

भाची : आणि बंदरात अडकवलेली ती मासेमारीची बोट? ते लोक शपथा घेत होते, नांगर टाकलाच नाही म्हणून. तू शेजारी मान हलवत उभा होतास. नखापेक्षा त्याची किळस येते मला.

मामा : आयुष्य गेलं माझं जोड करण्यात. एका नखासाठी तोंड काळं करून घेऊ?

भाची : नवा जोड मी करणार. पण आधी तू तो फोन उचल.

मामा : ठमाकाकू, जहाज खोळंबलंय!

भाची : खोळंबू दे.

मामा : ...हॅलो, कप्तानसाहेब? जोडणीच्या खोलीतून बोलतोय. त्या बोटीला सोडायला सांगा. नांगर नव्हता. नाही, खडकही नाही. माझं नख होतं. हो, नखच. या खाली, दाखवतो.

(नवा जोड थंड झाल्यावर, तपासणीच्या पडद्यासमोर.)

भाची : आता तू बघ. हातमोजे घालून.

मामा : कवचात बुडबुडा नाही. कचरा नाही.

भाची : तंतू?

मामा : आठही उजळलेत.

भाची : प्रकाशाचा तोटा?

मामा : सगळ्यात जास्त, तिसऱ्या तंतूत. शून्य पूर्णांक शून्य दोन डेसिबल. म्हणजे नसल्यासारखाच.