चाळिसाव्या मजल्यावरचे अकरा जण

हो, वरची ओळ दिसते, तिच्या खालचीही दिसते, त्याच्या खाली नुसत्या मुंग्या — पण ते राहू द्या आता, भिंग काढा नाहीतर असू द्या, मला एवढंच सांगा, तुम्हीच ना ते ‘तिरका डोळा’? कॉम्प्युटरवरचे गेम खेळून रिव्ह्यू लिहिता ते? नाही म्हणू नका. तुमच्या फोटोत मागे हा अक्षरांचा फळा आहे आणि त्याचा हा डावा कोपरा तुटलेला आहे, हा बघा, चिकटपट्टी लावलीय. चष्म्याची पाच दुकानं पालथी घातली मी या फळ्यासाठी. पाचही ठिकाणी डोळे तपासून घेतले, त्याशिवाय आतल्या खोलीत कोण घेणार — पाच जणांनी पाच नंबर काढले, तुमचा सहावा. नाही नाही, घाबरू नका, बसा. भांडायला नाही आलो. भांडायचं असतं तर दोन वर्षांपूर्वी आलो असतो, तेव्हा डोक्यात राख घालून घेतली होती मी. आता हात जोडायला आलोय. बाहेर बाकावर कोणी नाही, बघूनच आत शिरलो. दहा मिनिटं द्या.

तो चाळीस मजल्यांचा गेम आठवतो? उंच इमारत, तुम्ही लिफ्टमन, एकेका भाडेकरूला त्याच्या मजल्यावर पोचवायचं, त्याची गोष्ट ऐकायची, रुसलेल्यांना एकाच खेपेत बसवून बोलतं करायचं — आठवला ना? तो आमच्या चिरंजीवांचा. एकट्यानं केलेला. तुम्ही काय लिहिलंत ते मला पाठ आहे. दार उघडलं की आत अर्धाच माणूस दिसतो, उरलेला भिंतीत. चौथ्या मजल्यानंतर लिफ्ट कोसळते आणि गेमही. आणि शेवटी — ‘या गेमच्या कर्त्यानं जन्मात लिफ्ट पाहिलेली नसावी.’ अहो, तो लिफ्टमध्येच वाढला. एकतीस वर्षं लिफ्ट तपासनीस होतो मी. सुट्टीच्या दिवशी कुठे ठेवायचं पोराला, म्हणून बरोबर न्यायचो. मी मशीनच्या खोलीत, आणि हा खाली दारापाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा, जिन्यानं जा, बाबा बघतायत. पण तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. अर्धा माणूस मीही पाहिला होता.

म्हणजे नंतर पाहिला. आधी पाहायला हवा होता — तीच तर गोची आहे. त्यानं मला विचारलं होतं, बाबा, लोकांसाठी सोडू का आता? आणि मी काय केलं? वीस मिनिटं खेळलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि म्हटलं, झकास, सोड. एकतीस वर्षांत एक लिफ्ट अशी नाही की जिच्यात मी शेवटच्या मजल्यापर्यंत स्वतः गेलो नाही. मालक म्हणायचे, साहेब, सगळे मजले सारखेच आहेत हो — मी म्हणायचो, मग एकच बांधायचा होतात. आणि पोटच्या पोराच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर उतरलो. का? तर ही आतून हाक मारत होती, जेवण वाढलंय म्हणून. बस, एवढंच कारण. आणखी काही नाही.

मग तुमचा रिव्ह्यू आला, त्याच्या मागे बाकीच्यांचे, सगळ्यांनी तुमचीच री ओढली. पोरगा चार दिवस खोलीबाहेर नाही आला. पाचव्या दिवशी कॉम्प्युटर खोक्यात भरला, वरून दोरी बांधली आणि खोकं दाराशी आणून ठेवलं, भंगारवाल्याला द्यायला. जेवायला बसला की घास हातात घेऊन नुसता बघत राहायचा. ही मला म्हणाली, काहीतरी करा. आता मी काय करणार? मला स्प्रिंग कळते, दोर कळतो. पण केलं. एक — म्हणजे एकाला आवडला तो गेम. एकानं लिहिलं, चुका आहेत, पण इमारत खरी वाटते, सोडू नका, आम्ही थांबू. सकाळी पोरगा चहाला आला आणि म्हणाला, बाबा, एकाला आवडला. त्याचा तो चेहरा — तुम्हाला मूलबाळ आहे का? नाही? बरं. त्यानं खोक्याची दोरी सोडली. पुढच्या आठवड्यात आणखी एकाला आवडला. मग आणखी एकाला. असे अकरा झाले.

अकरा. ‘रात्रपाळी’ म्हणून एक, ‘गंजका स्क्रू’, ‘जिनेचढ्या’, ‘तीन नातवांची आजी’ — ही आजी फार चिकित्सक, एकोणिसाव्या मजल्याचं दार लवकर मिटतं, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकेल, असं तिनं तीनदा लिहिलं. रात्रपाळीनं कळवलं की सव्वीस आणि सत्तावीसच्या मध्ये हिसका बसतो. एकेकाचं लिहिणं वेगळं ठेवावं लागतं, गंजका स्क्रू तिरसट आहे, रात्रपाळी कारखान्यात असतो, आजीचे गुडघे दुखतात, वहीत नोंद करून ठेवली नाही तर घोळ होतो, एकदा मी आजीलाच कारखान्यात —

हो.

हो, मीच. अकराच्या अकरा मीच. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. एकतीस वर्षांत एक खोटी सही केली नाही अशा माणसानं गेल्या दोन वर्षांत अकरा खोटी माणसं जन्माला घातली. पण साहेब, चुका खोट्या नव्हत्या. प्रत्येक मजल्यावर गेलोय मी. प्रत्येक भिंतीला धडका मारून बघितल्यात, एकेका दाराशी शंभर शंभर वेळा. पोरगा पलीकडच्या खोलीत दुरुस्त्या करायचा, मी अलीकडच्या खोलीत चुका शोधायचो, आणि मध्ये ही अकरा माणसं निरोप नेणार-आणणार. सरळ जाऊन सांगायचं होतं, म्हणता? काय सांगू? की बाहेर कुणी नाही, फक्त तुझा बाप आहे? बापाच्या कौतुकाला काय किंमत असते — बापानं तर तिसऱ्या मजल्यावरच झकास म्हटलं होतं.

आता तो गेम उत्तम झालाय. खरंच. आठव्या मजल्यावरचा पियानो शिकवणारा आता दोन शब्द बोलतो आणि दार मिटेपर्यंत हसत राहतो. पण कोण बघणार? उघडलं की सगळ्यांत वर तुमचा जुना रिव्ह्यू, माणसं तो वाचतात आणि जातात. पोराला त्याचंही काही नाही. तो म्हणतो, माझे अकरा जण आहेत. त्यानं चाळिसावा मजला नव्यानं बांधलाय, त्यावर अकरा घरं, दारांवर या अकरा जणांच्या पाट्या. आणि परवा सगळ्यांना निरोप धाडलाय — रविवारी संध्याकाळी पाच वाजता गेममध्ये या, मी लिफ्ट घेऊन खाली थांबतो, एकेकाला त्याच्या घरी पोचवतो. अकरा जण, साहेब. पाच वाजता. एकदम. मी एका वेळी एकच होऊ शकतो. हिला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा. रविवारी तो तिथे उभा राहणार आणि कोणी येणार नाही, आणि पुन्हा ते खोकं निघेल. या वेळी दोरी मला सोडता येणार नाही.

म्हणून तुमच्याकडे आलो. अकरा नकोत, एक द्या. खराखुरा एक. तुम्ही तो गेम पुन्हा खेळा, आज किंवा उद्या, आणि रविवारी पाचला या. वाईट वाटला तर वाईट लिहा. खोटं लिहा म्हणून नाही सांगत, खोट्यानं माझं पोट भरलंय. फक्त या. पाया पडू का? पडतो, हा बघा — बरं, नाही पडत, बसतो. बसलो.

काय दाखवताय? फोनवर? थांबा, हे भिंग धरून बघतो. हं, ही आजी. हा गंजका स्क्रू. ही सगळी मतं तुम्ही कधी उतरवून ठेवलीत? तेव्हाच? सगळ्यांची शेवटची ओळ? शेवटची ओळ काय... ‘स्वतः खेळून पाहिला, वापरास योग्य आढळला.’ ही रात्रपाळी... ‘वापरास योग्य आढळला.’ जिनेचढ्या. हाही. अरे देवा. सगळ्यांनीच लिहिलंय. म्हणजे मीच — सवयीनं गेलं असणार, एकतीस वर्षं प्रत्येक लिफ्टच्या कागदावर शेवटी हेच लिहिलं, हात आपोआप तिकडे वळतो, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. म्हणजे तुम्ही पहिल्याच महिन्यात ओळखलं होतंत की सगळं एकाच माणसाचं आहे. आणि बोलला नाहीत. उपकार झाले. तुम्ही परके, तुम्हाला नुसत्या ओळीवरून कळलं, तर मग —

तर मग त्याला.

सात वर्षांचा होता. पुठ्ठ्याच्या खोक्याची लिफ्ट केली होती, बाहुल्यांसाठी, सुतळीनं वर-खाली होणारी. माझ्याकडे घेऊन आला, तपासा म्हणाला. मी तपासली, आणि ‘वापरास योग्य आढळली’ ही ओळ लिहून दिली, खाली सही करून. त्यानं ती खोक्यावर चिकटवली. कितीतरी वर्षं तो कागद त्याच्या टेबलाच्या वर होता. त्याला कळलं नसेल? पहिल्या दिवशी, त्या चहाच्या वेळी, बाबा, एकाला आवडला म्हणाला — माझ्याकडे बघून म्हणाला. दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं त्याला ठाऊक होतं की बाहेर कोणी नाही, एक माणूससुद्धा नाही, आणि तरी तो एकोणिसाव्या मजल्याचं दार आजीसाठी सावकाश करत बसला. आणि काल जेवताना मला विचारलं, बाबा, रविवारी पाचला तुम्ही घरीच आहात ना? मी हो म्हटलं आणि आमटी वाढून घेतली.

नाही, पाणी नको. काही नको. नंबरही नको, पाचांपैकी एखादा असेल बरोबर. ही फ्रेम तेवढी काढा नाकावरून, जड झालीय.

आणि ऐका, रविवारी येऊ नका. खेळा, नका खेळू, लिहा, नका लिहू, पण रविवारी नको. मला एकट्याला जायचंय.