डॉक्टरबाई रजेवर असताना

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

मी शिवणकाम करणारी बाई. मापं घ्यायची सवय, भाषणाची नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या लेकीने जेवण टाकलं, ते आधी माझ्या सुईला कळलं. तिच्या कपड्यांची शिवण सारखी आत घ्यावी लागायची. पोटाचे डॉक्टर म्हणाले, "हा मनाचा आजार." मानसोपचारवाले म्हणाले, "आधी वजन वाढवून आणा." अहो, ते घरी वाढलं असतं तर मी आले असते का? शेजारीण म्हणे, "नखरे आहेत, दोन धपाटे द्या!" पोर डोळ्यांदेखत विझत चालली होती.

शेवटी मुलांच्या विभागात, आपल्या या बाईंच्या खोलीत पोचलो. त्यांनी पोटाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, सिस्टर, सगळ्यांना तिथेच बोलावलं. म्हणाल्या, "आता ही कुठेही जाणार नाही. आपण हिच्याकडे यायचं." व्यासपीठावर काही जण हसताहेत, बाईंचा आवाज किती चढला होता ते त्यांना आठवत असणार!

मग सिस्टर रोज तिच्यासोबत जेवायला बसू लागल्या. लेक ताट ढकलायची. सिस्टर म्हणायच्या, "रागव माझ्यावर, पण घास घे." मलाही शिकवलं: दटावायचं नाही, विनवायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. मध्येच ती अठराची झाली. रुग्णालयाच्या कार्यालयाचा निरोप आला, हिला मोठ्यांच्या विभागात हलवा. बाई म्हणाल्या, "वाढदिवसाने आजार बदलतो का?" आणि हलवू दिलं नाही. लेक सावरली, शिकली, नोकरीला लागली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या वर्षी आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. या वेळी लेकीने स्वतःच विभागात फोन केला. बाई रजेवर! पलीकडून नवी सिस्टर म्हणाली, "बाई नाहीत, पण आम्ही आहोत ना. सकाळी या." गेलो, तर सगळे एकत्र बसून आमची वाट बघत होते. ही कुणाची पेशंट, असं कुणीही विचारलं नाही.

बाई, याहून मोठी कमाई कोणती? खुशाल घरी जा. तुमच्यावाचून इथे काही अडणार नाही, हे मी कौतुकाने म्हणतेय!

मला इथे उभं केलंत, मनापासून ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आता थांबते. मागच्या रांगेतून लेक मघापासून खुणावतेय, "आई, आटप. भूक लागलीय."