टोपलीतल्या चिठ्ठ्या

ताई : बारकीचं ते पत्र अजून मधमाश्यांच्या पुस्तकातच आहे. पान सत्तेचाळीस. काल धूळ पुसताना पाहिलं मी.

भाऊ : एकेचाळीस.

ताई : म्हणजे रोज काढून बघतोस.

भाऊ : रोज नाही. एखादा दिवस राहतो.

ताई : तीन आठवडे झाले, भाऊ. सख्खी पुतणी तुझी. काका म्हणून विश्वासानं लिहिते, आणि तू तिला मधमाश्यांच्या हवाली करतोस?

भाऊ : उत्तर लिहिलंय मी.

ताई : कुठंय?

भाऊ : चार लिहिली. पहिलं एकोणीस पानांचं झालं. शेवटी संदर्भसूची आहे.

ताई : झालं! पोर विचारते रस्ता कुठला, हा देतो भूगोल. वाच ते पत्र. मोठ्यानं.

भाऊ : तू वाचलंयस की.

ताई : चोरून वाचलंय. चोरून वाचलेलं अर्धंच कळतं. वाच.

भाऊ : ‘प्रिय काका, समोर विचारलं तर तुम्ही चष्मा पुसायला आत जाल, म्हणून पोस्टानं पाठवतेय. पाकिटातून पालेभाजी विकणारा एक मोठा व्यापारी माझं सगळं शेत बांधून घेतो म्हणतोय. दोन्ही एकर, फक्त पालक, बारा महिने. तोडणी त्याच्या माणसांची, गाडी त्याची. अट एकच : जमीन उघडी आणि स्वच्छ हवी. पानात वाळल्या गवताची एक काडी सापडली, तर अख्खी गाडी परत. म्हणजे मातीवर पाच वर्षं घातलेलं वाळल्या गवताचं पांघरूण काढायचं. बाकीची डझनभर पिकंही काढायची. काका, माती आता कुठे काळी व्हायला लागलीय. पण गुरुवारी टोपल्या घेऊन चाळीस दारं केली, की शुक्रवारी माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत. हो म्हणू की नाही? महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्याला सांगायचंय. आत्याला नमस्कार. ती हे चोरून वाचेलच.’

ताई : द्वाड आहे. शेवटचा सोमवार म्हणजे परवाच्या रविवारनंतरचा. आज शुक्रवार.

भाऊ : माहीत आहे.

ताई : काल ती दारात होती! टोपली माझ्या हातात दिली, मान वाकडी करून आत बघितलं. तू कुठं होतास?

भाऊ : न्हाणीघरात.

ताई : अर्धा तास?

भाऊ : ती गेल्याचा आवाज आला नाही.

ताई : सोपं आहे रे. लिही, ‘हो म्हण.’ दोन शब्द. पोरीचे हात जाग्यावर राहतील.

भाऊ : आणि पालकावर एकदा रोग पडला, तर? शेतात दुसरं काहीच नसेल. व्यापारी पुढच्या वर्षी आला नाही, तर? तोवर हे चाळीस लोकही दुसरीकडे गेलेले असतील.

ताई : मग लिही, ‘नाही म्हण.’

भाऊ : आणि तिची पाठ मोडली, तर?

ताई : तुझं आपलं तळ्यात-मळ्यात. अरे, जन्मभर वाचनालय सांभाळलंस. लोक तुला विचारूनच पुस्तकं नेत होते ना?

भाऊ : तिलाही मीच दिलं होतं. ते मातीचं पुस्तक. तेव्हा ती बँकेत चांगली बसली होती, खुर्चीवर, पंख्याखाली. मी म्हटलं, वाच, छान आहे. एवढंच म्हटलं, ताई. आणि तिनं नोकरी सोडली.

ताई : पुस्तक वाचून नोकरी सोडायला ती काय कुक्कुलं बाळ होती?

भाऊ : पुढचं तुला सांगितलं नाही मी. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, काका, गवताचं पांघरूण किती जाड घालू? मी पुस्तकात पाहिलं. वीतभर, रोपाला चिकटून. तसं कळवलं. उलट टपाली.

ताई : मग?

भाऊ : वाळवी लागली. सगळी रोपं खाल्ली. ते पुस्तक थंड हवेच्या मुलखातलं होतं, तिथं वाळवीच नसते. प्रस्तावनेत लिहिलं होतं तसं. मी प्रस्तावना वाचली नव्हती.

ताई : तू?

भाऊ : तेवढी एकच. मग तिनं स्वतःच शोधलं, की गवत बुंध्यापासून हातभर लांब ठेवायचं आणि पातळ पसरायचं. हे कुठल्याच पुस्तकात नाही. आता सांग, मी कुठल्या तोंडानं सल्ला देऊ?

ताई : म्हणून न्हाणीघर.

भाऊ : म्हणून न्हाणीघर.

ताई : बरं. आणि हा लाकडी खण कसला काढून ठेवलायस? वाचनालयातला ना?

भाऊ : मोडीत काढत होते. त्यात तिच्या चिठ्ठ्या आहेत.

ताई : टोपलीतल्या? त्या मी चुलीला… म्हणजे मला वाटलं, तू टाकून देतोस.

भाऊ : एकशे त्रेचाळीस. टोपल्या सुरू झाल्या त्या पहिल्या गुरुवारपासूनच्या, पावणेतीन वर्षांच्या. तिच्याकडेही नसतील. म्हटलं, यांतून काही पुरावा निघतो का बघू. तर डोकं आणखीच फिरलं.

ताई : दाखव. हे काय? ‘पालक’ लिहिलेल्या कप्प्यात पन्नास चिठ्ठ्या. ‘मुळा’. ‘भोपळा, लाल’. ‘भोपळा, दुधी’. ‘किडी’ वेगळ्या. ‘भोपळा, लाल : किडी पाहा’?

भाऊ : विषयवार लावल्यात.

ताई : अरे भल्या माणसा!

भाऊ : पालक सत्तावीस वेळा गेला आहे. एकशे त्रेचाळिसांत सत्तावीस. हे वाईट की चांगलं? मुळा एकोणीस वेळा. कोबीचं तर विचारूच नकोस. प्रत्येक कप्प्यात रडगाणं. ते वाचलं की वाटतं, सांगावं हो म्हण, सुट बाई यातून.

ताई : विषयवार कोणी जेवतं का? मी गुरुवारी जेवते. पुढच्या गुरुवारी पुन्हा जेवते. आण तो खण इकडे. त्या पलंगावरची चादर ताणून घे. तारखा आहेत ना यांच्यावर?

भाऊ : मागच्या बाजूला मी लिहिल्यात. शिसपेन्सिलीनं.

ताई : मग तारखेनं लावू. उशाकडून सुरुवात. तू वाच, मी ठेवते.

भाऊ : ‘मुळा, चवळीच्या शेंगा, दुधी. कोबी अळ्यांनी खाल्ला. निदान त्यांना तरी आवडला.’

ताई : पुढची.

भाऊ : ‘पाऊस थांबत नाही. पालक कुजला. रताळी आहेत, कारण ती जमिनीखाली लपली होती.’

ताई : ती रताळी आठवतात मला. गोड होती. पुढं?

भाऊ : ‘शेजारच्या शेतातली माती वाहून रस्त्यावर आली. आपली जागेवर आहे. भेंडी, लाल भोपळा, कांद्याची पात.’ मग ही, ‘आज पहिल्यांदा फावडं न मारता हातानं खड्डा झाला. गांडुळं खूप. टोपलीत घातलेली नाहीत, घाबरू नये.’

ताई : बापावर गेलीय. चल, हात चालव. उन्हं उतरतील.

(पलंग भरतो. उरलेल्या चिठ्ठ्या खाली सतरंजीवर लागतात. दोघं उभी राहून बघतात.)

भाऊ : ताई.

ताई : हं.

भाऊ : एकही गुरुवार कोरा नाही. हे मला दिसलंच नव्हतं. पालक गेला तिथं रताळं आहे, रताळं संपलं तिथं शेंगा. त्या ओल्या वर्षातसुद्धा. सगळं एकदम कधीच गेलं नाही. म्हणजे… म्हणजे नाही म्हणावं तिनं. हे बघ ना, शेत पडलंच नाही कधी!

ताई : शेत नाही पडलं. तू अशा बाजूला उभा राहा. इथं, पायथ्याशी. या शेवटच्या ओळी वाच.

भाऊ : ‘पालक, मुळा, वांगी.’ ‘वांगी, दुधी, चवळी, मेथी.’ ‘पालक, गाजर, कांद्याची पात, घेवडा.’ चांगल्या भरलेल्या टोपल्या आहेत की या.

ताई : टोपली भरलेली आहे. चिठ्ठी बघ.

भाऊ : पुढं काही लिहिलेलं नाही.

ताई : अळ्या नाहीत, गांडुळं नाहीत, चेष्टा नाही. चार महिने झाले, नुसती भाज्यांची नावं. अक्षर बघ, धावत काढल्यासारखं. शेत भरत चाललंय, भाऊ, आणि पोर रिती होत चाललीय.

भाऊ : मी या रोज हाताळतो. मला कसं दिसलं नाही?

ताई : तू भोपळा बघत होतास.

भाऊ : आता तर मला काहीच कळेनासं झालं. शेत सांगतंय नाही म्हण, हात सांगतायत हो म्हण. दोघांचंही खरंच आहे.

ताई : आणि एक सांगू? राग मानू नकोस. एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या आपल्या घरी. आपण एकीला तरी उत्तर दिलं? नुसतं ‘रताळी गोड होती’ एवढं?

भाऊ : चाळीस घरांपैकी कोणीतरी दिलं असेल.

ताई : असं चाळीसही घरांना वाटलं असेल.

भाऊ : चाळीस घरं. थांब. पत्रात तिनं शेताच्या कामाबद्दल तक्रार केलेली नाही. बघ. ‘चाळीस दारं केली की.’ जिने, घंटा, सुट्टे, थांबणं. हात त्यानं जातात. आपल्या गल्लीत किती दारं आहेत तिची?

ताई : अकरा.

भाऊ : ती सगळी आपल्या व्हरांड्यात उतरवली तर? एका जागी. लोक येऊन घेऊन जातील.

ताई : आणि देणार कोण?

भाऊ : मी असतोच घरी.

ताई : तू? अकरा माणसांशी बोलणार? दूधवाला आला की मला पुढं करतोस!

भाऊ : यादी करीन. नावासमोर खूण करायची. वाचनालयात तसंच होतं. पुस्तकाच्या जागी टोपली.

ताई : आणि त्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, गाजरं बारीक का, तर?

भाऊ : …तर चिठ्ठी वाचून दाखवीन.

ताई : आत्ताच चष्मा पुसायला लागलास.

भाऊ : पुसू दे. चाळीस दारं तर नाहीत ना मला.

ताई : मागच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या बाईंना मी विचारते. त्यांचं दुकान रस्त्यावरच आहे. आणखी दोन जागा मिळाल्या, की चाळिसांची चार दारं होतील.

भाऊ : त्यानं भागेल का? की उगाच तिला अडकवून ठेवतोय मी, पुन्हा एकदा?

ताई : माहीत नाही.

भाऊ : तुलाही माहीत नाही?

ताई : नाही. लिही तसंच. पण एका पानात. संदर्भसूची दिसली तर पाकीट फाडीन.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, पोस्टाची खिडकी.)

बाई : जाड आहे हो, आजोबा. आत काय आहे?

भाऊ : पत्र. एक पान. आणि एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या. तारखेनं लावलेल्या, दोऱ्यानं बांधून.

बाई : तुम्ही लिहिलेल्या?

भाऊ : नाही, तिच्याच. तिला परत पाठवतोय. काही दिवस बघायला. मागं प्रत्येकीवर… आता एकेक ओळ लिहिलीय मी. रताळी गोड होती, वगैरे. काल बसलो होतो.

बाई : पत्ता तर इथलाच आहे. वेशीबाहेरचं शेत. गुरुवारी टेम्पोतून टोपल्या घेऊन येतात, त्याच ना या? हातात दिलं असतं तर पोस्टाचा खर्च वाचला असता.

भाऊ : हातात देता आलं नसतं.

बाई : बरं. रजिस्टर करायचं?

भाऊ : सोमवारच्या आत पोहोचायला हवं. तिला सोमवारी एकाला उत्तर द्यायचंय.

बाई : इथलंच आहे, आज दुपारच्या टपालात पोहोचेल. काय, हो म्हणायला सांगितलंत की नाही?

भाऊ : दोन्ही नाही. लिहिलंय, मला कळत नाही. तू ठरवशील ते खरं. आणि ठरवलंस काहीही, तरी पुढच्या गुरुवारी आमच्या गल्लीच्या अकरा टोपल्या माझ्याकडे उतरव, मी दारात उभा असेन.

बाई : एवढंच?

भाऊ : एवढंच. एवढ्याला तीन आठवडे लागले. बरोबर लिहिलंय का, कोण जाणे.

बाई : पत्ता बरोबर आहे. शिक्का मारलाय. आता पाकीट सोडा, आजोबा.