बाराव्या होलवरची कबर

स्कॉटलंडमधल्या आमच्या फाइफमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठांना समान अंतरावर उभे करणारी एकच संस्था शिल्लक आहे : पावाच्या दुकानापुढील रांग. त्या सकाळी माझ्यापुढे, गोल्फची मैदाने आखणारे हौशी खेळाडू अर्स्किनसाहेब आणि मैदानाची निगा राखणारा वॉटी उभे होते.

“वॉटी, बाराव्या होलवरचा तो वाळूचा खड्डा बुजवायचाय. आज समितीपुढे ठराव मांडतोय. लोक पाय मोडून घेतील, असं लिहिलेल्या कागदावर तू सही कर.”

“वीस वर्षांत कुणाचा मोडला नाही, साहेब.”

“मोडू शकतो.”

“तुमचे प्रतिस्पर्धी डॉक्टर मर्ची, त्यांचा चेंडू पडायचा तिथंच, पावलं मोजून, तुम्ही तो खणून घेतलात. ते वारले, आणि आता वयामुळं तुमचाही चेंडू तिथवरच पोचतो.”

“वारा असतो रे!”

“शनिवारी आत तीन फटके मारलेत, तेव्हा झेंडासुद्धा हलत नव्हता.”

“पिशव्या वाहणारे कॅडी त्या खड्ड्याला ‘मर्चींची कबर’ म्हणायचे. आता ‘अर्स्किनची कबर’ म्हणणार आहेत म्हणे!”

“म्हणणार कसले? सोमवारपासून म्हणतायत.”

“एकोणीस मैदानं आखली मी. हौशी म्हणून एक पेनी घेतली नाही. त्याचं हे फळ?”

“त्या एकोणिसांतल्या एकावर तरी तुमचं नाव आहे का, साहेब?”

रांग दोन माणसे पुढे सरकली.

“आणा तो कागद. करतो सही,” वॉटी म्हणाला.

“थांब. त्या खड्ड्याचा समुद्राकडचा काठ ढासळलाय ना?”

“जरासा.”

“मग आधी तो नीट बांधून घे. आणि फूटभर खोल कर.”